बिलंदर नायक ठेवा, पण एक डाव नायिकेलाही द्या

"नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरचं कृषी केंद्र आहे, दुपारी दुकानावर मीच बसते. तिथंच मोबाइलवर दोन वर्षं लिहून एक प्रेमकादंबरी पूर्ण केली, ६८ हजार शब्द झालेत. नायक मुकुंद. बियाणे कंपनीचा अधिकारी आहो असं सांगून तो गावात येतो, ४० शेतकऱ्यांकडून बुकिंगचे पाचपाचशे रुपये घेतो आणि रेवतीच्या प्रेमात पडतो. २७व्या प्रकरणात खोट्या नावानं तिच्याशी लग्न करतो. शेवटच्या प्रकरणात सगळं उघडं पडतं, तो रडतो, ती माफ करते. माझ्या नणंदेनं एका रात्रीत वाचून काढली. म्हणे, असा मुकुंद कुठं भेटते? एका प्रकाशकानं मात्र 'तुमचा नायक गुन्हेगार आहे, त्याला सज्जन करा' म्हणून परत पाठवली. दुसऱ्यानं ३८ हजार रुपये मागितले : ३०० प्रती छापू, १०० तुम्हाला, किंमत २५० रुपये, उरलेल्या २०० वर १० टक्के रॉयल्टी. मुकुंदाला सज्जन करू का? वऱ्हाडी संवाद ठेवू का? पैसे भरू का? आणि सासरी चर्चा नको म्हणून टोपणनाव घेतलं तर चालते का?"

ताई, पैसे भरू नका. त्याचा हिशेब खाली मांडला आहे. आधी मुकुंदाचं बघू.

तुमच्या नणंदेचंही बरोबर आहे आणि प्रकाशकाचंही. नणंद भाळली ती मुकुंदाच्या चलाखीवर : वेळेवर सुचणारं उत्तर, सोंग वठवायची हौस, चारचौघांत सगळ्यांना गुंडाळून ठेवणारी जीभ. प्रकाशकानं पाहिलं की त्या चलाखीनं कोणाचं नुकसान झालं. सज्जन केलात तर नणंदेचा मुकुंद मेला. आहे तसा ठेवलात तर शेवटची माफी कोणाला पटणार नाही. म्हणून माणूस तोच ठेवा, त्याच्या खोट्याची दिशा बदला. आणि रेवतीकडे स्वतःचा एक डाव द्या. तुमच्या पत्रावरून तरी ती एकदाही कोणाला चकवताना दिसत नाही. खरा दोष तिथं आहे, आणि तो दोन्ही प्रकाशकांच्या नजरेतून सुटला.

प्रेमकादंबरीतला बिलंदर नायक कुठून आला ते थोडक्यात सांगणं भाग आहे, कारण तुमची अडचण त्या वंशावळीतच आहे. युरोपात डॉन हुआन पहिल्यांदा रंगभूमीवर ठळकपणे आला तो तिर्सो द मोलिना या स्पॅनिश नाटककाराच्या नावावर असलेल्या नाटकात. ते १६३०च्या सुमारास छापलं गेलं. नाटकाच्या नावाचाच अर्थ 'सेव्हिलचा ठक'. हा गडी वेश पालटून, लग्नाची वचनं देऊन बायकांना फसवतो. कोणी परलोकाची भीती घातली की त्याचं ठरलेलं उत्तर : त्या उधारीला अजून फार अवकाश आहे. शेवटी दगडाचा पुतळा त्याचा हात धरून नरकात नेतो. पुढं १७४८ साली रिचर्डसन या इंग्रज लेखकाच्या 'क्लॅरिसा' कादंबरीतला लव्हलेसही असाच, आणि तोही मरतो. जुन्या कथा ठकाला मरणानं शिक्षा देत. लोकप्रिय प्रेमकादंबरीनं एवढाच फरक केला की उधारी वसूल करायचा हक्क देवाकडून काढून नायिकेकडे दिला. १९०८ साली लंडनमध्ये मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था निघाली, १९७१ मध्ये ती कॅनडाच्या हार्लेक्विनकडे गेली, आता तो सगळा पसारा हार्परकॉलिन्सच्या छताखाली आहे. या शंभर वर्षांत नायकाचे कपडे बदलले, दोन अटी टिकल्या : प्रेमकथा मध्यभागी हवी, आणि शेवट मनाला उभारी देणारा हवा.

गोम अशी की ठक हा मुळात न बदलणारा प्राणी. गोष्टीतला कोल्हा दहाव्यांदाही कोल्हाच असतो, आणि म्हणूनच मजा येते. प्रेमकथेला मात्र माणूस बदललेला लागतो. तुम्ही हा बदल शेवटच्या प्रकरणातल्या अश्रूंवर सोपवला. रडणं फुकट असतं. वाचकाला नायकाच्या खिशातून काही गेलेलं दिसलं पाहिजे.

यासाठी स्पेनला जायची गरज नाही. तुमच्या घरून नदीपलीकडे कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. रुक्मिणीहरण सगळे कृष्णाचा पराक्रम म्हणून सांगतात, पण भागवताचा दहावा स्कंध उघडून बघा. बेत कृष्णाचा नाहीच, रुक्मिणीचा आहे. ५२व्या अध्यायात तिचं सात श्लोकांचं पत्र आहे आणि ते एखाद्या कामाच्या माणसानं लिहावं तसं लिहिलं आहे : लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला न्यावं. म्हणजे राजवाड्यात शिरून नातलगांचं रक्त सांडायला नको. दिवस, जागा, रस्ता, अडचण आणि अडचणीवरचा उपाय, सगळं तिचं. त्या पत्रात ती त्याला 'मुकुंद' म्हणते. तुम्ही नायकाचं नाव त्यावरूनच ठेवलं असेल तर रेवतीलाही तेवढंच डोकं द्यायला हवं होतं. रिद्धपूरला महानुभाव कवयित्री महदाइसेनं गायलेले धवळे, म्हणजे लग्नगीतं, याच लग्नाचे. म्हणजे बिलंदर नवरा आणि त्याच्याहून हुशार नवरी हा वऱ्हाडात गायला गेलेला सातशे वर्षं जुना विषय आहे. कोणी 'हे बाहेरचं फॅड' म्हणालं तर एवढं सांगायला हरकत नाही.

त्याच स्कंधाचा ६०वा अध्याय मात्र कागद-पेन घेऊन वाचा. लग्नानंतरची गोष्ट आहे. रुक्मिणी वारा घालते आहे आणि कृष्णाला थट्टा सुचते. तो म्हणतो, एवढे राजे मागं होते, आमच्यासारख्या समुद्रकाठी पळून आलेल्या कफल्लकाला कशाला वरलंस? अजूनही वेळ गेलेली नाही, दुसरा कोणी बघ. तिच्या हातातली चवरी गळून पडते, बांगड्या सैल होतात, ती कोसळते. मग हा खाली उतरतो, तिला उचलतो, डोळे पुसतो आणि थट्टा होती हे कबूल करतो. ठकाला किंमत कशी मोजायला लावायची याचा हा वस्तुपाठ आहे. खोटं अंगलट येतं ते शेजाऱ्याच्या नव्हे, त्याच्या जिवाभावाच्या माणसाच्या अंगावर. आणि दुरुस्ती तो तोंडानं करायच्या आधी हातांनी करतो. तुमच्या शेवटच्या प्रकरणात मुकुंद नुसता रडतो.

दुसरा नमुना दमयंतीचा, तीही विदर्भाचीच. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले, पाच नळ दिसायला लागले. तिनं ओळखले ते खुणांवरून : देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, हार कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. ही झाली पकडायची हुशारी. पुढं नळ बाहुक नावानं अयोध्येला सारथी होऊन लपतो, तेव्हा ती चकवायची हुशारीही दाखवते. राजा ऋतुपर्णाला निरोप जातो की दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्या सूर्योदयाला आहे. शंभर योजनं एका दिवसात हाकणारा सारथी जगात एकच. तो आला म्हणजे तो नळ. बापाला यातलं काही माहीत नाही, आईला आहे. आणि रथ आल्यावरही ती धावत सुटत नाही. आधी दासी पाठवते, मग बाहुकानं शिजवलेलं चाखून बघते, मग पोरं त्याच्यापुढं धाडते, त्यानंतर स्वतः समोर येते. तिनं सांगितलेलं खोटं खरा माणूस शोधायला होतं. रेवतीचं खोटं याच जातीचं हवं.

आता दुरुस्ती. एक वही घ्या आणि मुकुंदाचं प्रत्येक खोटं एकेका ओळीत लिहा. पुढं चार रकाने : कोणाला सांगितलं, त्या वेळी आणखी कोणाला खरं माहीत होतं, कोणाचं काय गेलं, आणि ते कुठल्या प्रकरणात परत केलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते खोटं कादंबरीत ठेवायचं नाही. पत्रावरून तुमच्या वहीत निदान तीन मोठी खोटी दिसतात : अधिकारी असल्याचं, बुकिंगचं आणि लग्नातल्या नावाचं. पहिलं ठेवा. उरलेली दोन काढा.

बुकिंगचं का? ४० गुणिले ५०० म्हणजे २० हजार रुपये. आकडा लहान वाटतो. पण मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या नावानं पैसे उकळणारा माणूस विदर्भातला वाचक शेवटपर्यंत माफ करत नाही. पेरणी हुकली म्हणजे वर्ष गेलं, आणि बोगस बियाण्याचा अनुभव प्रत्येक घरात कोणाला ना कोणाला आहे. दुकानावर बसता, तुम्हाला हे सांगायला नको. बिलंदराला लोकांनी आपलं मानलं ते तो आपल्याहून मोठ्याला टोपी घालतो म्हणून. गरिबाला टोपी घालणारा निव्वळ चोर.

लग्नाचं खोटं त्याहून वाईट. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९नुसार १ जुलै २०२४ पासून ओळख लपवून लग्न करून स्त्रीशी संबंध ठेवणं हा थेट गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. तुमचं २७वं प्रकरण या कलमात जसंच्या तसं बसतं. कायदा बाजूला ठेवला तरी वाचकाचं गणित तेच : रेवती ज्याला 'हो' म्हणाली तो माणूसच अस्तित्वात नव्हता, मग ते 'हो' कोणाला? नियम सोपा ठेवा. लग्न, स्पर्श आणि जमिनीच्या कागदावरची सही या तीन गोष्टींच्या आधी रेवतीला खरं कळलेलं असलंच पाहिजे. त्याआधी मुकुंदाला हवी तेवढी सोंगं करू द्या.

मग मुकुंदानं टोपी घालायची कोणाला? गावात खेडा खरेदी करणारा, काट्यात मारणारा व्यापारी उभा करा. डाव असा बसवता येईल. व्यापारी स्वतःच्या काट्यावर कापूस मोजून घेतो, ४० शेतकऱ्यांच्या पावत्यांची बेरीज ४०० क्विंटल. मुकुंद बड्या जिनिंगचा माणूस बनून त्याला जास्त भावाचं आमिष दाखवतो, अट एकच : माल बाहेरच्या वजनकाट्यावर, ट्रकसकट. भरलेल्या ट्रकचं वजन वजा रिकाम्याचं, अशा सगळ्या खेपांची बेरीज ४१६ क्विंटल भरते. हे १६ क्विंटल आले कुठून? क्विंटलमागं ४ किलो मारले तिथून. ७,००० रुपये भाव धरला तर १ लाख १२ हजार. आणि या सगळ्याला पुरावा काय, तर त्या ४० पावत्या. त्या कोणी जपून ठेवल्या? कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसणाऱ्या रेवतीनं, उधारीच्या वहीत टाचून. मुकुंदाचं सोंग तिच्या कागदांशिवाय लुळं पडतं. दोघांची जोडी इथं जमते, चांदण्यात नाही. (चांदण्यातलं प्रकरण सुंदर असेल, ठेवा. पण याच्या नंतर.)

यात एक फट आहे, चाणाक्ष वाचक ती काढेलच. कापसाला ओल लागली की वजन वाढतं. सरकारी खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याचा हिशेब असतो तो उगीच नाही. व्यापारी म्हणेल, पाऊस पडला, माल फुगला. म्हणून गावातलं मोजमाप आणि वजनकाटा एकाच दिवशी घडवा, आणि दिवस कोरडा ठेवा : वेचणी जोरात असलेला नोव्हेंबर किंवा डिसेंबर. ४०० क्विंटल एका दिवसात उचलायला ट्रक किती, हमाल किती, हे गावातल्या एखाद्या हमालाला विचारून पक्कं करा. असल्या कादंबऱ्या बहुधा प्रेमात नापास होत नाहीत, तपशिलात होतात.

रेवतीनं मुकुंदाला पकडायचं ते देवांच्या सावलीसारख्या खुणेवरून. तुमच्या धंद्यात अशा खुणा ढिगानं आहेत. तो बोलता बोलता कपाशीची पिशवी 'किलोची' म्हणतो, बीटी कपाशीचं पाकीट तर ४७५ ग्रॅमचं. किंवा कंपनीकडून किमतीत 'खास सूट' मिळवून देतो म्हणतो, आणि बीटी कपाशीची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, ती पाकिटावर छापलेली असते. किंवा निळी खूणचिठ्ठी बघून 'हे पायाभूत बियाणं' म्हणतो. निळी प्रमाणित बियाण्याची, पायाभूतची पांढरी. तिन्ही खुणा वापरू नका, एकच निवडा. आम्हाला पहिली आवडली, कारण ती बोलण्याच्या ओघात निसटते आणि मागं वळून वाचणाऱ्याला सापडते.

लांबी आणि मांडणी. ६८ हजार शब्द या प्रकाराला जास्त होतात. ४८ हजारांवर आणा : ३० प्रकरणं, प्रत्येकी १,६०० च्या आसपास. कापायला सोपं म्हणजे शेवटची रडारड, बुकिंगची सगळी प्रकरणं आणि पत्रात ज्यांचा उल्लेखही आला नाही अशी दुय्यम माणसं असतील तर ती. वाचकाला मुकुंद खोटा आहे हे ३ऱ्या प्रकरणात कळू द्या. तुम्ही ते शेवटच्या प्रकरणापर्यंत लपवलं, आणि तिथंच पाणी मुरलं : वाचक रेवतीबरोबर फसतो, मग चिडतो. आधी माहीत असेल तर तो मुकुंदाच्या बाजूला बसून 'आता पकडला जाणार' म्हणून धडधडत वाचतो. रेवतीला शंका १२व्यात, खात्री १६व्यात. आणि मुकुंदाला, की हिला सगळं माहीत आहे, ते थेट २३व्यात. मधली सात प्रकरणं कादंबरीचा जीव आहेत. तिथं तीच त्याला खेळवते, चौकशीला दासी पाठवावी तशी कोणाकोणाला पाठवते, खोटे निरोप देते, त्याची परीक्षा घेते. २४ ते २९ त्यानं फेडायची. शेवटचं प्रकरण छोटं, ९०० ते १,००० शब्दांचं.

फेडणं म्हणजे काय, हे जरा ठरवून घ्या. चलाखी हीच त्याची मिळकत आहे, तेव्हा तीच खर्ची पडू द्या. व्यापारी उघडा पाडायला चारचौघांत मुकुंदाला स्वतःचं खरं नाव आणि खोटा हुद्दा कबूल करावा लागला, तर ते सोंग त्याला पुन्हा कधी करता येणार नाही. तोतया बनून फसवणं हा संहितेच्या कलम ३१९ खाली गुन्हा आहे, तेव्हा पोलिसात जबाब देण्याचा प्रसंगही घाला, उडवून लावू नका. त्यानंतर रेवतीनं दुकानाचा हिशेब त्याच्या हाती दिला, तर तेवढं एक वाक्य माफीला पुरेल.

वऱ्हाडी संवाद ठेवाच. निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं वऱ्हाडीत, ही वाट वाचकाला सोपी जाते. मात्र तुमच्याकडे त्यातून कथेचाच एक धागा निघतो. मुकुंद अधिकारी असताना प्रमाण बोलतो आणि राग आला की 'काहून?' निसटतं. रेवती ते टिपते. 'मले', 'तुले', 'कायले', 'येजो', 'करजो' एवढ्यानं बोली उभी राहते. 'डोया', 'पानी', 'काया' असं प्रत्येक शब्दाचं उच्चारी लेखन केलं तर पुण्या-कोल्हापूरचा वाचक अडखळतो आणि मुद्रितशोधक तुमची अर्धी बोली 'दुरुस्त' करून टाकतो. म्हणून हस्तलिखितासोबत एक पानाची यादी जोडा : बोलीतले शब्द असे ठेवायचे, बदलायचे नाहीत. एक जपा. भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी. नाटकातून कानावर पडलेली वाक्यं आर्वीच्या माणसाच्या तोंडी घालू नका.

शृंगाराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रकाशक विचारतील. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. न्यायालयानं कथा सुटे उतारे काढून नव्हे, अख्खी वाचून तोलली. तेव्हा प्रसंग कथेला लागत असेल तर लिहा, घाबरून ठिपके ठिपके टाकू नका.

आता ३८ हजार. तुमच्या हाती १०० प्रती येणार, म्हणजे प्रत पडली ३८० रुपयांना, छापील किंमत २५०. सगळ्या पूर्ण किमतीला विकल्या तरी २५ हजार. उरलेल्या २०० खपल्या, तर २५ रुपयांप्रमाणे आणखी ५ हजार. सगळं जुळून आलं तरी ८ हजार घरातून गेले. आणि त्या २०० प्रती छापल्या की नाहीत हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. अलीकडे मागणीप्रमाणे चारदोन प्रतीही छापता येतात, तेव्हा '३००' हा आकडा कागदावरच राहू शकतो. जो प्रकाशक लेखकाकडूनच खर्च आणि नफा काढून घेतो, त्याला पुस्तक विकायची गरज उरत नाही. मुकुंदाची वही इथंही चालवा : चौथ्या रकान्यात काय येतं ते बघा.

स्वतः छापायचं ठरलं तर हिशेब असा मांडा. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात पानाला साधारण ३०० शब्द, ४८ हजारांची १६० पानं, म्हणजे १६ पानी १० फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापली जाणारी पानं). एखादं पानही पुढं सरकलं तर अकरावा फर्मा लागतो, म्हणून श्रेयनामावली, अर्पणपत्रिका आणि कोरी पानं यांना ८ पानं सोडा आणि मजकूर, पानाला थोडे जास्त शब्द घेऊन, १५२ पानांतच बसवा. आतला कागद ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड. अमरावती आणि नागपूरच्या निदान तीन छापखान्यांकडून याच मापांवर लेखी दर मागवा, नुसतं 'कादंबरी छापायची आहे' म्हणाल तर प्रत्येक जण वेगळ्या कागदाचा भाव सांगेल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळतो, त्याचे कोणी पैसे लावले तर देऊ नका. मोबाइलवर लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, छापखान्यात तो बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत बदलतात. बदलताना 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि जोडाक्षरं फुटतात. 'वऱ्हाडी', 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांनी' हे तीन शब्द शोधून प्रूफ तपासा. ते बरोबर असतील तर बाकीचं बहुतेक बरोबर असतं.

पण त्याआधी रॉयल्टी देणाऱ्या दोनतीन प्रकाशकांना पुन्हा पाठवा, या वेळी तीन प्रकरणं आणि दोन पानांचा सारांश. सारांशात शेवट लपवू नका, संपादकाला तो आधी हवा असतो. करार झाला तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ लक्षात ठेवा. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क प्रकाशकानं एका वर्षात वापरला नाही तर तो परत येतो, मात्र करारात वेगळं लिहिलं नसेल तरच, आणि तिथंच मेख मारलेली असते. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' ही ओळ खोडायला लावा. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट-मालिका यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. आधी फक्त छापील द्या. रॉयल्टी छापील किमतीवर, 'निव्वळ वसुली'वर नको. हिशेब दरवर्षी ३१ मार्चचा.

टोपणनाव खुशाल घ्या. पुस्तकावर टोपणनाव, करारावर आणि बँक खात्यावर खरं नाव. तेवढं चुकवू नका, नाहीतर रॉयल्टीच्या वेळी तुम्हीच तुम्ही असल्याचं सिद्ध करत बसाल. एक फरक आहे : एरवी कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं, टोपणनावाच्या पुस्तकाला प्रकाशनापासून ६० वर्षं. खरं नाव मधे कधी जाहीर केलं की नेहमीची मुदत लागू होते. नोंदणी सक्तीची नाही; करायची तर ५०० रुपये शुल्क, ऑनलाइन अर्ज. त्यात खरं नाव द्यावं लागतं.

मोबाइल ॲपवर क्रमशः टाकायचा मोह होईल. पहिली आठदहा प्रकरणं टाकून वाचक कुठं गळतात ते बघायला हरकत नाही. पूर्ण कादंबरी फुकट टाकली की छापणारा हात आखडतो. त्याहून बरं म्हणजे वजनकाट्याचा प्रसंग सुटा काढून ३,००० शब्दांची कथा करा आणि दिवाळी अंकांना पाठवा. बहुतेक अंकांचं साहित्य जुलै-ऑगस्टपर्यंत ठरून जातं, तेव्हा जूनअखेर पाठवलेली बरी. एका वेळी एकाच अंकाला, आणि सोबत 'फक्त या अंकातील प्रसिद्धीसाठी' अशी ओळ लिहा, म्हणजे तीच कथा पुढं कादंबरीत वापरताना कोणी आडवं येणार नाही.

आणि दोन वर्षांचं लेखन अजून एकाच मोबाइलमध्ये असेल, तर बाकी सगळं नंतर. आज रात्री दुकान बंद करायच्या आधी ते स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून ठेवा.